जुनी स्लेड जिथे अडकायची

डोंगरात चालवायची नवी स्नोमोबाईल बर्फ वितळायच्या दिवसांत नोंदवावी लागते. कंपन्या पुढच्या हंगामाची मॉडेलं फेब्रुवारी-मार्चमध्ये जाहीर करतात, काही आठवडे नोंदणी उघडी ठेवतात, आणि अमुक इंजिन, तमुक लांबीचा पट्टा अशा काही जुळण्या तेवढ्याच काळात मिळतात. कॅलगरीत तेव्हा हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली खडी उघडी पडलेली असते, आणि आपण आगाऊ पैसे भरून थंडीच्या तोंडावर हाती येणाऱ्या यंत्राच्या फॉर्मवर सही करत असतो. चालवून बघायची सोय फारशी नसते. पूर्वी लग्नं जमायची तसाच प्रकार: पत्रिका बघा, चार जाणत्यांना विचारा आणि हो म्हणा.

२०२५ च्या वसंतात मला असं 'हो' म्हणायचं होतं. माझी स्लेड २०११ सालची (इकडे स्नोमोबाईल असं कुणी म्हणत नाही, सगळे स्लेडच म्हणतात). ८०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, १५५ इंची रबरी पट्टा. पाच वर्षांची जुनी घेतली आणि नऊ हिवाळे चालवली. आमचं ठरलेलं ठिकाण रेव्हल्स्टोक. कॅलगरीहून ट्रान्स-कॅनडा महामार्गानं साधारण ४०० किलोमीटर, वाटेत रॉजर्स पास. शुक्रवारी गाड्या ट्रेलरवर चढवायच्या, रविवारी रात्री परत. गटात आम्ही चौघं: मी, ट्रकच्या धंद्यातला एक पंजाबी मित्र, आणि रेव्हल्स्टोकमधलेच दोघं, त्यांतला एक साठी ओलांडलेला मेकॅनिक.

मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "म्हणजे बर्फावरची स्कूटर ना? अ‍ॅव्हरेज किती देते?" खोल बर्फात लिटरला तीन-चार किलोमीटर, असं सांगितलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची काळजी दिसते. पण स्कूटरची उपमा चुकीची नाही. बाबांच्या चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक होतं, माझ्या स्लेडचंही तेच. पेट्रोलबरोबर तेल जळल्याचा तो वास पहाटे पार्किंगमध्ये आला की मला साताऱ्याची आमची गल्ली आठवते. अ‍ॅक्टिव्हात गिअर न बदलता वेग वाढवणारा पट्ट्याचा व्हेरिएटर असतो, तोच इथे थोराड रूपात असतो. भारतातल्या रस्त्यांवरून टू-स्ट्रोक गेलं ते धुरामुळे. डोंगरातल्या बर्फावर ते टिकलं ते वजनामुळे. तेवढीच ताकद फोर-स्ट्रोकमधून काढायची तर इंजिन जड होतं, आणि दोन-दोन मीटर भुसभुशीत बर्फात जड गाडी नुसती खाली जात राहते.

डोंगरातल्या स्लेडचं बरंचसं शास्त्र या खाली न जाण्याचंच आहे. पुढे दोन स्की, मागे एकच लांब पट्टा, आणि पट्ट्यावर रबराचे उभे दात. सपाटीवरच्या गाड्यांना हे दात इंच-दीड इंचाचे असतात, डोंगरातल्यांना अडीच ते तीन इंचांचे. ते वल्ह्यासारखे बर्फ मागे ढकलतात. वळायचं ते हँडल वळवून नव्हे. गाडी एका कडेवर कलंडवायची, एकाच बाजूच्या पायरीवर उभं राहायचं, हँडल उलट्या बाजूला धरायचं आणि थ्रॉटल न सोडता तोल सांभाळत उतारावर आडवं जायचं. मला हे जमायला तीन हिवाळे लागले. माझी उंची पाच फूट दोन इंच, वय एकोणपन्नास. गाडी कोरडीच २०० किलोंच्या आसपास, वर पेट्रोल, तेल आणि चिकटलेला बर्फ. त्यामुळे गाडी निवडताना माझा पहिला प्रश्न ती किती पळते हा नसतो. रुतली की मी ती कशी काढणार, हा असतो.

निवड म्हणावी तर तीही आता आकसली आहे. यामाहानं २०२३ मध्ये स्नोमोबाईलच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. आर्क्टिक कॅटचं उत्पादन तिच्या मालकीच्या टेक्स्ट्रॉननं २०२४ च्या अखेरीस थांबवायचं ठरवलं, आणि ऐन माझ्या नोंदणीच्या दिवसांत ती कंपनी नव्या हातांत जात होती. याचं वाईट वाटलं. त्यांच्या अल्फा वनचा मागचा पट्टा दोन समांतर रुळांऐवजी मधल्या एकाच कण्यावर चालतो, त्यामुळे ती हलक्या अंगाच्या माणसाच्या हातातही चटकन कलंडते. पण पुढची दहा वर्षं वापरायची गाडी घेताना सुटे भाग कोण देणार हे ठाऊक हवं. मी त्या नावावर काट मारली.

उरल्या दोन, पोलॅरिस आणि स्की-डू. पोलॅरिस मिनेसोटातल्या रोझो गावची. १९५० च्या दशकात तिथल्या एका वर्कशॉपात त्यांची पहिली स्लेड तयार झाली, आणि त्याच वर्कशॉपातून बाहेर पडलेल्या एडगर हेटीननं पुढे आर्क्टिक कॅट काढली. भाऊबंदकीतून दोन दुकानं होतात तसं. स्की-डूची गोष्ट क्विबेकमधल्या व्हॅल्कोर्टची. १९३४ च्या हिवाळ्यात जोसेफ-आर्मांद बोंबार्दिये या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा पोटातल्या संसर्गानं गेला. रस्ते बर्फानं बंद होते, इस्पितळ गाठता आलं नाही. बर्फावर चालणारी गाडी करण्याचा नाद त्याला पोरवयापासून होता. १९३७ मध्ये त्याला त्याच्या पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं, आणि मग सातजणांना नेणाऱ्या त्याच्या गाड्या बर्फाळ गावांमधून धावू लागल्या. एकट्यादुकट्यानं चालवायची छोटी स्की-डू आली ती १९५९ मध्ये. ज्या बर्फातून माणूस बाहेर काढता यावा म्हणून त्यानं जीव टाकला, त्याच बर्फात आम्ही आता मजेखातर आत जातो. हे मी दोषानं म्हणत नाही. पण आत जाण्याचा विचार करताना ही गोष्ट माझ्या मनात असते.

दोन्ही कंपन्यांची माहितीपत्रकं स्वयंपाकघराच्या टेबलावर महिनाभर पडून होती. पोलॅरिसच्या आरएमकेचा पट्टा १५ इंच रुंद, स्की-डूच्या समिटचा १६. पोलॅरिसमध्ये पुन्हा दोन स्वभाव: प्रो ही जमिनीला धरून चढणारी, केऑस ही पुढचं नाक चटकन उचलणारी, झाडांमध्ये खेळकरपणे वळणारी. लांबीचा हिशेब दोन्हीकडे सारखाच. १६५ इंची पट्टा जास्त बर्फावर पसरतो, कमी रुततो, सरळ चढ खेचून नेतो, पण दाट झाडीत वळवताना अंगाला भारी पडतो. १५४-१५५ इंची पट्टा वळायला सोपा. माझ्यासारख्या हलक्या माणसाला तेवढा पुरतो, यावर आमचा मेकॅनिक आणि दुकानदार यांचं एकमत झालं. त्या दोघांचं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं.

स्टार्टरचा प्रश्न तसा किरकोळ, पण माझ्यासाठी मोठा. डोंगरातल्या बहुतेक स्लेड अजून दोरी ओढून सुरू करतात, कारण बॅटरी आणि स्टार्टर बसवला की वजन वाढतं. कमरेएवढ्या बर्फात, तिरक्या उतारावर, ८०० सीसीची दोरी ओढून माझा उजवा खांदा दोन हिवाळे आखडला होता. डॉक्टरांनी 'फ्रोझन शोल्डर' म्हटल्यावर माझ्याबरोबर त्यांनाही हसू आवरलं नाही. स्की-डूकडे यावर एक युक्ती आहे. दिवसाची पहिली सुरुवात दोरीनं करायची. इंजिन चालू झालं की एक कपॅसिटर काही सेकंदांत भरतो, आणि नंतर बंद पडलेली गाडी बटणावर सुरू होते. बॅटरी नाही, वजन नाममात्र. माझी अर्धी निवड तिथेच झाली.

राहिला टर्बो. उंचीवर हवा विरळ होते, आणि साधं इंजिन दर १,००० फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं. स्की-डूचं टर्बो नसलेलं ८५० सीसीचं इंजिन समुद्रसपाटीला १६५ अश्वशक्तीचं आहे. रेव्हल्स्टोकभोवती आम्ही ७,००० फुटांच्या आसपास असतो, म्हणजे तिथे हातात उरते १३० च्या जवळपास. टर्बो विरळ हवा दाबून इंजिनाला पुरवतो आणि ही गळती भरून काढतो. पोलॅरिसनंही कारखान्यातूनच टर्बो बसवून द्यायला सुरुवात केली आहे. फरक काही हजार डॉलरचा, आणि मुळात टर्बोशिवायची गाडीही कर धरून २०,००० कॅनेडियन डॉलरच्या घरात जाते. ऐपत ताणली तर जमत होतं. एकदाच घ्यायची तर पूर्णच का घेऊ नये, हा आपला खास मध्यमवर्गीय युक्तिवादही तयार होता.

माझा नवरा स्लेड चालवत नाही. शनिवारी संध्याकाळी माझा सॅटेलाइट मेसेंजर "सगळे खाली आलो" असा निरोप पाठवतो, तेव्हा त्याचा दिवस संपतो. त्यानं ती माहितीपत्रकं शांतपणे वाचली आणि विचारलं, "अगं, यातली जास्त सुरक्षित कुठली?"

तसा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. आणि त्याला उत्तर देण्याआधी मला फेब्रुवारीतली एक दुपार सांगावी लागली.

आमच्या नेहमीच्या वाटेवर, झाडी विरळ होते तिथे, एक अरुंद घळ आहे. तिच्या तोंडाशी वीज पडून शेंडा गेलेलं एक फरचं झाड आहे. त्याला आम्ही टोलनाका म्हणतो, कारण ताजा बर्फ असला की माझी जुनी गाडी नेमकी तिथे रुतायची. मग सगळे थांबायचे, फावडी निघायची, थर्मासमधला चहा व्हायचा, आणि गाड्या वळवून आम्ही खालच्या झाडीत जायचो. नऊ वर्षांत तिथून परतायचं असं आम्ही कधी ठरवलं नव्हतं. ठरवायची वेळच आली नव्हती. सगळ्यांत अशक्त गाडी माझी, आणि गट तिच्यापुढे जात नसे.

त्या दुपारी मित्रानं आपली नवी टर्बो मला चालवायला दिली आणि माझी त्यानं घेतली. रात्री चाळीस सेंटिमीटर पडला होता. घळीत शिरताना मी सवयीनं अंगाची तयारी केली: गुडघे वाकवले, वजन पुढे घेतलं, आता रुतणार म्हणून श्वास धरला. गाडी चालत राहिली. झाड मागे गेल्याचं मला आरशातून कळावं तसं उशिरा कळलं. पुढे घळ उघडली, आणि समोर परातीसारखा गोल, पांढरा, एकही रेघ नसलेला उतार. हा उतार मी इतकी वर्षं खालून, झाडांच्या फटीतून बघत आले होते. माझ्या अंगठ्याखाली तो चढून जाण्याएवढी ताकद होती, आणि ती वापरायला काहीच कष्ट नव्हते. मी घळीच्या तोंडाशीच गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खिशातून कोन मोजायचं साधन काढलं. ३६ अंश.

हिमस्खलनं मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि डोंगरातल्या स्लेडला आवडणारे उतारही नेमके तेच. सकाळी अ‍ॅव्हलाँच कॅनडाचं पत्रक आम्ही वाचलं होतं. उंचावर धोका पाचांपैकी तिसऱ्या पायरीचा, आणि कारण म्हणून गाडला गेलेला दवाच्या स्फटिकांचा थर. निरभ्र, थंड रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे स्फटिक उगवतात. उन्हात इतके सुंदर चमकतात की सगळे फोटो काढतात. मग त्यावर नवा बर्फ पडतो आणि तो थर पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली उभाच राहतो, कधी कधी आठवडेच्या आठवडे. वरून काही दिसत नाही. एखाद्या गाडीचं वजन बरोबर जागी पडलं की वरची सगळी लादी सुटते.

बाकीचे आले, पाचेक मिनिटं आम्ही तिथे उभं राहून वर बघितलं, आणि वळलो. त्या उताराला काही झालं नाही. कदाचित झालंही नसतं. पण परतताना माझ्या जुन्या गाडीबद्दल मला एक गोष्ट लख्ख कळली होती. ती नऊ वर्षं माझ्या वतीनं एक निर्णय घेत होती. नवी गाडी तो माझ्याकडे परत देणार होती.

मित्राला हे पटलं नाही, आणि त्याचं म्हणणं मोडीत काढण्यासारखं नाही. "दीदी, खरा धोका रुतलेल्या गाडीचा असतो," तो म्हणाला. "उताराच्या मधोमध कुणी अडकलं की दुसरा मदतीला वर जातो. मग एकाच्या जागी दोघं. ताकद असली तर माणूस वाईट जागेतून पटकन बाहेर तरी पडतो." अडकलेल्याकडे दुसऱ्यानं जायचं नाही, उतारावर एका वेळी एकच, हे नियम प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि ते रक्तानं लिहिलेले आहेत. २००८ च्या २८ डिसेंबरला फर्नीजवळ हार्वे पासमध्ये स्पारवूड गावचे अकराजण स्लेड घेऊन गेले होते. पहिल्या हिमस्खलनात सातजण गाडले गेले. उरलेले चौघं त्यांना खणून काढत असताना दुसरं आलं. अकरापैकी आठ गेले. नंतर २०१० च्या मार्चमध्ये, आमच्याच रेव्हल्स्टोकच्या बोल्डर माउंटनवर, सुमारे २०० लोक जमलेल्या एका अनौपचारिक मेळाव्यावर अख्खा उतार कोसळला. दोघं गेले, तीसहून जास्त जखमी झाले. त्या उताराला स्थानिक लोक टर्बो बाउल म्हणतात.

आमच्या मेकॅनिकचं मत वेगळ्याच बाजूनं आलं. तीस वर्षांपूर्वी, तो म्हणाला, अशा उतारावर वरपर्यंत जाणारे गावात मोजके होते, कारण त्या गाड्यांवर तिथे पोचायला वीस वर्षं लागायची. पोचेपर्यंत माणूस डोंगर वाचायला शिकलेला असे. आता दुसऱ्या हंगामातला पोरगा तिथे दुपारी बारा वाजता असतो. चालवणं सोपं झालं, बर्फ वाचणं तेवढंच अवघड राहिलं.

शेवटी मी ८५० सीसीची समिट घेतली. १५४ इंची पट्टा, बटणाचा स्टार्टर, टर्बो नाही. टर्बोच्या फरकाचे पैसे शिल्लक पडले नाहीत. जुना ट्रान्सीव्हर बदलला, एअरबॅगची सॅक घेतली, हिमस्खलन प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा केला, आणि गटातल्या चौघांचा एक दिवस गाडलेला ट्रान्सीव्हर शोधून खणून काढण्याच्या सरावात घालवला. गाडल्या गेलेल्या माणसाच्या हाती पहिली दहाएक मिनिटं असतात. पहिल्या प्रयत्नात आम्हाला चौदा लागली, संध्याकाळपर्यंत सहावर आलो.

पण टर्बो न घेतल्यानं प्रश्न सुटला, असं काही मी स्वतःला सांगत नाही. टर्बो नसलेली ही गाडीही टोलनाक्यावर रुतत नाही. नोव्हेंबरात ती आली, आणि ताज्या बर्फात पहिल्याच फेरीत त्या झाडावरून अशी गेली की जणू तिथे कधी काही अडलंच नव्हतं. चालवायला ती सुरेख आहे. नुसती नजर वळवली तरी कलंडते. ज्या तिरक्या उतारावर मी खांद्यानं गाडी ओढत धापा टाकायचे, तिथे आता आजूबाजूचे डोंगर बघायला मला फुरसत मिळते. दिवसाअखेर हात थरथरत नाहीत. नव्या यंत्रानं दिलेलं हे सुख खरं आहे, आणि मी ते मनापासून उपभोगते.

म्हणून नियम आम्हाला करावा लागला. त्या फरच्या झाडापाशी सगळ्यांनी थांबायचं, इंजिन बंद करायचं, हेल्मेट काढायची. चौघांनी एकेक वाक्य बोलायचं. एकाचाही नकार पुरे, आणि त्याला कारण विचारायचं नाही. या हिवाळ्यात तिथे आम्ही पाच वेळा थांबलो. तीनदा पुढे गेलो, एकेक करून, कडेकडेनं. दोनदा वळलो. त्यातला एक नकार माझा होता. आकाश निळं होतं, बर्फ रेशमासारखा होता, आणि बाकी तिघांना जायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुसरा एक गट तो उतार चढून सुखरूप खाली आला. संध्याकाळी त्यांच्या रेघा आम्हाला खालून दिसल्या. मित्र माझ्याकडे बघून काही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. वळलेल्या दिवसांची पावती मिळत नाही. आपण बरोबर होतो की नुसते भित्रे, हे उतार कधी सांगत नाही. जुनी गाडी रुतायची तेव्हा निदान हा प्रश्न तरी पडत नसे.

नवऱ्याला मी अखेर खरं उत्तर दिलं: जास्त सुरक्षित अशी कुठलीच नाही, आणि ही गाडी मला आधीपेक्षा जास्त ठिकाणी नेऊ शकेल. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "निरोप पाचाऐवजी चार वाजता पाठवत जा." तेवढं मी पाळते.

जुनी स्लेड ऑक्टोबरात विकली. घ्यायला आलेला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, दुसऱ्याच हंगामातला. त्यानं इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासलं, पट्ट्यावरचे दात बोटानं चाचपले, घासाघीस न करता पैसे दिले. मी त्याला क्लचचा जादा पट्टा दिला, दोरी ओढताना खांदा कसा सांभाळायचा ते दाखवलं, आणि प्रशिक्षण केलंय का विचारलं. करणार आहे म्हणाला. मग त्यानं गाडीकडे कौतुकानं बघत सांगितलं की इंजिन चांगलं आहे, फक्त पट्टा जुना झालाय. पहिल्या पगारात तो तीन इंची दातांचा लांब पट्टा बसवणार आहे.

प्रशिक्षणाच्या पुढच्या वर्गाची तारीख मी कागदावर लिहून त्याच्या हातात दिली. त्यानं तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला, आणि आम्ही दोघांनी मिळून गाडी त्याच्या ट्रेलरवर चढवली.